डावीकडचा बॅज

क्लबचा बॅज डाव्या बाजूला लावायचा, हृदयावर, असा नियम आहे. तो कुठल्या देशात कुणी केला कुणास ठाऊक. पण न्यूझीलंडमधल्या बायका तो पाळतात, केनियातल्या पाळतात, आणि रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या हॉलवर दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जमणाऱ्या बायकाही पाळतात. रुपयाएवढा निळा बॅज, त्यावर एकमेकींचं मनगट धरलेले दोन हात. सभेची घंटा वाजवण्याआधी अध्यक्षा मालनताई सगळ्यांच्या समोरून एक फेरी मारत. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या त्या. जन्मभर प्रार्थनेच्या रांगेत रिबिनी सरळ केल्या, निवृत्तीनंतर बॅज सरळ करायला लागल्या.

"अगो, वाकडा झालाय बघ," म्हणत त्या थेट हातच घालत.

शमिकाचा बॅज नेहमीच वाकडा असे. मालनताई पुढ्यात येऊन थांबल्या की तिचे खांदे आपोआप पुढे यायचे. कारण त्या बॅजखाली, पदराखाली, ब्लाउजच्या आत घडी घालून टाचलेली एक जुनी ओढणी होती. बाकी काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मुंबईत शमिकाचा डावा स्तन काढला. गाठ लवकर सापडली म्हणून पुढचं सगळं गोळ्यांवर निभावलं. ही गोष्ट तिच्या नवऱ्याला, विनीतला माहीत होती, मुंबईच्या नणंदेला माहीत होती आणि मालगुंडला घर-बाग सांभाळणाऱ्या सासूबाईंना. सासूबाईंनी हॉस्पिटलातच, तिच्या उशाशी बसून, प्रेमानेच सांगितलं होतं, "पदरात मुलगी आहे तुझ्या. उद्या तिला स्थळं बघताना लोक घराण्याच्या सगळ्या दुखण्यांची चौकशी करतील. खडे होते म्हणायचं. पित्ताशयातले." भुलीच्या गुंगीत शमिकाने मान हलवली आणि ती मान मग कायमची हललेली राहिली. रत्नागिरीला परतल्यावर शेजारणींनी कुळथाचं कढण पाठवलं. एकीने तर वर्षभर पाठवलं. शमिका ते रोज पीत असे. न पिऊन सांगते काय?

विनीत बोटीवर इंजिनिअर. पहिल्या रजेला आला तेव्हा म्हणाला, "मला काही फरक पडत नाही गं." इतक्या पटकन म्हणाला, जणू वाक्य घरून निघतानाच बॅगेत भरलं होतं. मग ती कपडे बदलायला लागली की तो उठून गॅलरीत जायचा, झाडांना पाणी घातलंय का बघायला. त्याने तिच्यावर दया म्हणून तसं केलं असेल. चांगला माणूस होता. त्यानेच मुंबईच्या दुकानातून एक सिलिकॉनचं आणून दिलं होतं, पण इथल्या दमट हवेत त्याच्याखाली घाम साचून कातडी सोलवटून निघे. ते आता कपाटात त्याच्या खोक्यात पडून असतं, बर्फातल्या पापलेटासारखं, गार आणि गुळगुळीत.

आणि सानवी. शाळेतून आली की जेवून आईच्या कुशीत दुपारची झोपायची. अगदी तान्ही असल्यापासून डाव्याच बाजूला. ऑपरेशननंतर एकदा तिने तिथे डोकं टेकवलं आणि लगेच उचललं. "ह्या बाजूला हाड लागतं," म्हणाली आणि पलीकडून येऊन उजवीकडे झोपली. लहान मुलं अशीच असतात. शमिका मात्र तेव्हापासून कूस बदलायची विसरली. आढ्याकडे बघत पडून राहायची.

नाचणे रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळी शाळेची व्हॅन गेली की दुपारी परत येईपर्यंत कुणी तिच्याशी बोलायचं नाही. बोटीला नेट मिळेल तेव्हा विनीतचा फोन. म्हणून सानवीच्या वर्गातल्या मुलीची आई, राही, एकदा म्हणाली, "अगं, आमच्या क्लबला ये ना, मुलींसाठी-बायकांसाठी कायकाय करतो आम्ही," तेव्हा शमिका लगेच गेली. सेवा वगैरे नंतर. आधी तिला कुणाच्या तरी शेजारी खुर्ची हवी होती.

गणपती गेले आणि न्यूझीलंडच्या भगिनी क्लबकडून एक पार्सल आलं. राही क्लबची सेक्रेटरी. तिने सभेतच कात्रीने खोकं उघडलं. आत सुती दोऱ्याने विणलेलं, वाटीएवढं, फिकट बदामी रंगाचं काहीतरी. आणि तसंच अजून एक.

"टोप्या आहेत. बाळाच्या."

"एवढुश्या? मांजरीच्या बाळाच्या असतील."

राहीने एक मुठीवर चढवून बघितली. "किटलीवर घालतात ते असेल. इंग्रजांच्यात असतं तसलं. चहा गार होऊ नये म्हणून."

"मग आमच्या ह्यांना द्या," मागून कुणीतरी. "त्यांचा चहा पेपर वाचून होईस्तोवर बर्फ होतो."

राहीने मोबाइलवर तिकडचा मेल उघडला, वाचला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "मालनताई, तुम्हीच वाचा."

मालनताईंनी चष्मा लावला आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं, "कर्करोगात ज्यांचा स्तन काढावा लागतो, त्या बायकांनी आतून घालायचं आहे हे. सुती आहे, मऊ आहे, धुता येतं. तिकडच्या भगिनी विणून मोफत वाटतात. आपण करणार का, असं विचारलंय."

मुठीवरचं ते राहीने हळूच काढून टेबलावर ठेवलं.

"आपल्याकडे कोण असणार असं?"

"असतील की खेडोपाडी."

"आपल्यात तरी कोणी नाही, देवाची कृपा."

टेबलावरची ती विणलेली वस्तू हातोहात फिरत शमिकाकडे आली. तिला वजन असं नव्हतंच. आतले टाके एकसारखे होते, कुणा दूरच्या बाईने घाई न करता घातलेले. शमिकाला क्रोशा येत होता, आईने शिकवलेला. तिने तळाची साखळी बोटाने चाचपली आणि स्वतःचाच आवाज ऐकला, "मी शिकवते सगळ्यांना. सोपं आहे."

मग दुपारी तिच्या घरी बायका जमायला लागल्या. तिच्याकडे तेवढे कप नव्हते, सानवीच्या कार्टूनच्या मगमध्येही चहा द्यावा लागे. त्या वस्तूला काय म्हणायचं हा प्रश्न होता, तो 'वाटी' म्हणून सुटला. घरातल्या पुरुषांसमोरही बिनधास्त विचारता यायचं, "तुझ्या किती वाट्या झाल्या?" मालनताईंच्या हातून दोरा एवढा आवळला जायचा की वाटी टेबलावर आपटली तर टक्क वाजेल.

"ही करवंटी झाली, मालनताई."

"असू दे. शिस्त आहे तिला."

एकदा राहीने तयार झालेली वाटी पदरावरून छातीला लावली आणि शमिकाच्या बेडरूममधल्या आरशासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बघा गं, मला तर तीन झाले!" बायका हसून लोटपोट. शमिकाही हसली, सगळ्यांत मोठ्याने हसली, आणि चहा ऊतू जातोय म्हणत स्वयंपाकघरात गेली. तिथे गॅस बंद होता. तिने कोरडा ओटा पुन्हा पुसला. घर इतकं भरलेलं असताना तिला जेवढं एकटं वाटत होतं, तेवढं रिकाम्या घरात कधी वाटलं नव्हतं.

खरं तर प्रत्येकीने एकदा तरी वाटी अशी लावून बघितली होती. पण साडीवरून, गंमत म्हणून. बसते का, घसरते का, घामाने टोचते का, हे त्यांच्यातल्या कुणालाच कळणं शक्य नव्हतं. एकीला सोडून.

शमिकाने आपली पहिली वाटी सानवी शाळेत गेल्यावर घातली. ओढणीची घडी काढली, वाटी ठेवली आणि कपडे वाळत घालायला हात वर केले. वाटी गळ्याशी आली. कापसाने भरलेली, हलकी, उजवीकडच्या वजनाशी तिचा काही मेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी शमिकाने सानवीच्या माशाची काचेची बरणी काढली. मासा पावसाळ्यातच गेला होता, तळाशी पांढरे बारीक गोटे तेवढे होते. ते उकळून, वाळवून, कापडाच्या पुरचुंडीत शिवून तिने वाटीच्या तळाला बसवले. वाटी जागेवर राहिली. मग ब्लाउजच्या आत पातळ मलमलचा खिसा शिवला, म्हणजे टाचणी नको. आरशात तिने स्वतःला समोरून बघितलं, मग बाजूने. मग तशीच बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन आली. कोथिंबीर घरात होती.

त्या दुपारी जेवण झाल्यावर सानवी पुस्तक घेऊन आली, नेहमीची उजवी बाजू सोडून कशी कोण जाणे डावीकडे रेलली आणि गोष्ट संपायच्या आत झोपली. काही बोलली नाही. तिला काही कळलंच नाही, एवढंच. शमिकाचा हात दबून बधिर झाला तरी तिने तो हलवला नाही.

पुढच्या खेपेला ती बायकांना म्हणाली, "आत थोडं वजन हवं. नाहीतर वर चढते. आणि ब्लाउजला आतून खिसा शिवून द्यायचा."

"तुला गं काय ठाऊक?" राहीने विचारलं. सहजच.

"अंदाज," शमिका म्हणाली. "विणकाम कळतं ना, त्यावरून."

मालनताईंनी सुईवरून नजर उचलून तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा टाके मोजायला लागल्या. त्यानंतरच्या सभेत फेरी मारताना शमिकाचा बॅज सरळ होता. मालनताई हात न लावता पुढे गेल्या. शमिकाला हायसं वाटलं, आणि घरी येताना रिक्षात उगीचच रडू आलं. आता कुणाला कधीच कळणार नव्हतं.

वाटप कुठे करायचं यावर वाद झाला नाही, हातखंब्याच्या अलीकडची एक शाळा रविवारी मिळाली. वाद झाला तो बॅनरवर. 'स्तन' हा शब्द रस्त्याकडेला लावायचा म्हणजे काय! 'कर्करोग' लिहिलं तर येणार कोण! सगळे शब्द गाळता गाळता शेवटी बॅनरवर 'महिला आरोग्य प्रकल्प' एवढंच उरलं, आणि खाली क्लबचं चिन्ह. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बायकांची गर्दी जमली आणि त्यांतल्या प्रत्येकीला साखर तपासून हवी होती.

"बीपी न्हाय बगनार? मंग आमाला बोलवलाव कशाला?"

"गुडघ्याचं औशद तरी हाय काय?"

राही घामाघूम झाली. टेबलावर ओळीने मांडलेल्या वाट्यांवर तिने घाईघाईने टॉवेल टाकला. दुपार कलली तरी एकही वाटी हलली नव्हती. बायका निघून गेल्या. कोपऱ्यात एकच उरली. पन्नाशीची, काटक, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेली. गावातल्या आशासेविकेने तिला मुद्दाम पाठवलं होतं. नाव सावित्री. शेती स्वतः बघायची, नवरा मुंबईला कामाला.

तिने टॉवेल बाजूला करून एक वाटी उचलली. उलटसुलट केली, दाबली, तळहातावर तोलली.

"ह्ये कोनी घालून बगितलंय काय?"

"अहो, जगभर वापरतात बायका," राही म्हणाली. "न्यूझीलंडला, ऑस्ट्रेलियाला..."

"त्या आपल्या घालीत असतील. मी इथलं इचारतंय." सावित्रीने बायकांच्या रांगेवरून नजर फिरवली. एकसारख्या निळ्या काठाच्या साड्या, एकसारखे बॅज. "कापनी आलीय आता. दिसभर वाकायचं. वाकल्यावर ऱ्हातं काय ह्ये? का चार बायकांसमोर घरंगळून शेतात पडनार? हाय ती लाज बरी मंग."

मालनताई टेबलावरच्या वाट्या सरळ करायला लागल्या. सावित्रीने वाटी टेबलावर ठेवली, नीट, इतर वाट्यांच्या ओळीत, आणि चपला शोधायला लागली.

शमिका रांगेच्या टोकाला उभी होती. अंदाज म्हणून सांगता आलं असतं, पण ह्या बाईने अंदाज विचारला नव्हता. ती चपलांपर्यंत गेली आणि सावित्रीचं मनगट धरलं.

"आत या जरा माझ्याबरोबर."

शाळेच्या कोठीत खिचडीच्या तांदळाची पोती होती. शमिकाने दाराला आतून कडी घातली. पदरावरचा बॅज काढून पोत्यावर ठेवला. हुक लवकर सुटेनात. सुटले तेव्हा तिने ब्लाउज बाजूला केला, खिशातली वाटी बाहेर काढली आणि उभी राहिली.

सावित्रीने बघितलं. जवळ येऊन, उजेडाकडे वळवून, नीट बघितलं. ऑपरेशननंतर डॉक्टर सोडून कुणी असं बघितलं नव्हतं.

"तुमची शिवन बारीक हाय," ती म्हणाली. "माझी पार काखेत गेलीय. हात वर न्हाय जात पुरता."

"दुखतं?"

"पावसात वढतं. तुमचं?"

"माझंही."

"घरात ठावं हाय?"

"तिघांना. बाकी सगळ्यांना खडे म्हणून सांगितलंय. पित्ताशयातले."

"खडे!" सावित्रीला हसू आलं. "मी मोतीबिंदू म्हनलेलं. गावात इचारतात, मुंबयला जाऊन डोळा करून आलीस तर चष्मा कुठं हाय?"

शमिका हसायला लागली ती थांबेना. हसता हसता डोळे वाहायला लागले, आणि सावित्रीने आपल्या पदराचं टोक तिच्या हातात दिलं, एवढंच. मग शमिकाने वाटी पुन्हा खिशात बसवली, हुक लावले आणि पोत्यांच्या मध्ये भात कापल्यासारखी वाकली.

"अशी न्हाय वाकत गो कोन. पार खाली. मूठ धरा, आता वढा. आता पुढं सरका."

शमिका पुढे सरकली. पुन्हा वाकली. मूठ धरली, ओढली. कोठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने नसलेला भात कापला. सावित्री कमरेवर हात ठेवून तिच्या डाव्या बाजूवर नजर लावून उभी होती.

"ऱ्हायलं," ती शेवटी म्हणाली. "द्या मला येक. आनि तो खिसा शिवायचा कसा त्ये सांगा."

शमिकाने ते सांगितलं, अडलं तर म्हणून आपला नंबरही लिहून दिला, आणि दोघी बाहेर आल्या. राहीने धावत येऊन विचारलं, "एवढा वेळ? काय केलंत काय आत?"

"त्यांनी घालायचं कसं त्ये समजावलं," सावित्री शांतपणे म्हणाली. "नीट समजावलं. पुस्तकात असतंय म्हने."

"मग या अशा, बॅनरसमोर या. फोटो घेऊ. लाभार्थी मध्ये, मेंबर मागे."

"फोटो नको."

"अहो, एकच. वर पाठवावा लागतो. नाहीतर प्रकल्प झाला हे कळणार कसं त्यांना?"

मालनताई त्या वेळी कोठीतून बाहेर येत होत्या. घंटा ठेवायची पेटी आणायला आत गेल्या होत्या. एका हातात पेटी, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. "राही, राहू दे तो फोटो."

"आणि वर काय पाठवू?"

"वाटीचा पाठव. टेबलावर ठेव आणि काढ."

मग त्या शमिकासमोर येऊन उभ्या राहिल्या. सवयीने हात तिच्या डाव्या खांद्याकडे गेला, आणि मध्येच थांबला. त्यांनी शमिकाचा तळहात उघडला, निळा बॅज त्यावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

"तांदळावर राहिला होता. सावकाश लाव," म्हणाल्या. आणि बॅनर उतरवायला वळल्या.

त्यांना कळलं होतं की नाही, हे शमिकाला येताना गाडीत ठरवता येईना. मालनताई पुढच्या सीटवर बसून डिझेलच्या भावावर बोलत होत्या. विचारायचा धीर तिला झाला नाही, आणि त्यांनी वळून बघितलं नाही.

आठवडा तसाच गेला. व्हॅन गेली, व्हॅन आली. विनीतचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, "मग, नवीन काय?" आणि ती म्हणाली, "काही नाही, क्लबचा कार्यक्रम छान झाला." स्क्रीनवर त्याचा चेहरा थिजला, नेट गेलं होतं. ती जरा वेळ त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत बसली.

एके दिवशी अकराच्या सुमारास ती भाजी निवडत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाय, मी सावित्री."

शमिका उठून उभी राहिली. "बोला ना."

"सकाळधरनं कापतंय."

"राहिलं?"

"ऱ्हायलं." जरा थांबून, "तुमचं?"

"माझंही."

एकीचं शेत दुसरीने बघितलं नव्हतं, दुसरीचा फ्लॅट पहिलीला ठाऊक नव्हता. पलीकडे वारा होता, लांब कुणीतरी गुरांना हाकत होतं.

"ठेवू काय?" सावित्रीने विचारलं.

शमिकाला 'हो' म्हणता येईना, आणि 'नको' तरी कुठल्या हक्काने म्हणायचं?

"घरात कोन हाय आता तुमच्या?"

"कोणी नाही. मुलगी शाळेत."

"मंग चालू ऱ्हाऊ दे. मी बांधावर ठेवतंय फोन. काम व्हायला हवं ना."

काहीतरी खरखरलं, फोन दगडावर टेकला असावा. मग खसखस ऐकू यायला लागली, विळ्याची, एका लयीत, जरा लांब जाणारी आणि परत जवळ येणारी. शमिकाने आपला फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला, आणि माठाच्या भाजीची पुढची काडी उचलली.